दर्या आणि दऱ्या : संगणकाच्या आत मराठीला जागा कशी मिळाली

१

२००३ साली एम. ए.च्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी एक लघुप्रबंध लिहिला. विषय होता श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांतील कोकणचा प्रदेश. हस्तलिखित रत्नागिरीतल्या एका डीटीपीवाल्याकडे दिले. त्याने ते त्या काळी प्रचलित असलेल्या एका मराठी फाँटात टंकलिखित केले. छापील प्रती विद्यापीठाकडे गेल्या आणि ‘सॉफ्ट कॉपी’ म्हणून एक सीडी माझ्या वाट्याला आली. दहा-बारा वर्षांनी एका चर्चासत्रासाठी निबंध लिहिताना त्या सीडीची आठवण झाली. फाइल उघडली. पाने जवळपास तेवढीच होती, परिच्छेदही जिथल्या तिथे होते. परंतु मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अनोळखी चिन्हे यांची गर्दी उसळलेली होती.

सीडी खराब झालेली नव्हती आणि संगणकही बिघडलेला नव्हता. डीटीपीवाल्याने साठवलेला प्रत्येक आकडा सुरक्षित होता. त्या आकड्यांना मराठी रूप देणारा फाँट तेवढा माझ्या नव्या संगणकावर नव्हता. म्हणजे माझा प्रबंध कागदावर मराठी होता, पडद्यावरही काही काळ मराठी दिसला, पण संगणकाच्या लेखी तो कधीच मराठी नव्हता. हा धक्का एकट्या माझा नाही. १९९०च्या सुमारापासून पुढची पंधरा-सोळा वर्षे संगणकावर उतरलेले मराठी लेखन, म्हणजे प्रबंध, दिवाळी अंक, स्मरणिका, अनियतकालिके, यांपैकी फार मोठा भाग ह्याच अवस्थेत पडून आहे.

हे असे का व्हावे, ह्याचे उत्तर शोधू लागलो की आपण ऑपरेटिंग सिस्टिम नावाच्या वस्तूपाशी येऊन पोचतो. परिभाषाकारांनी तिला ‘परिचालन प्रणाली’, ‘कार्यप्रणाली’ अशी नावे दिली. प्रस्तुत लेखात तिला नुसते ‘प्रणाली’ म्हणू. साहित्याच्या अभ्यासकाने तिच्या वाटेला जाण्याचे कारण सरळ आहे. आज मराठी मजकूर लिहिला, साठवला आणि शोधला जातो तो तिच्याच नियमांनी. आणि त्या नियमांत मराठीला जागा मिळण्याचा इतिहास हा आपल्या लिपीच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

२

प्रणालीच्या नावातच तिची जन्मकथा आहे. १९५०च्या दशकातल्या संगणकांपाशी ‘ऑपरेटर’ नावाचा माणूस बसे. एका शास्त्रज्ञाचे काम संपले की त्याची पंचकार्डे काढायची, दुसऱ्याची चढवायची, छापलेला कागद फाडून ठेवायचा, हे त्याचे काम. ह्या अदलाबदलीत महागड्या यंत्राचा वेळ फुकट जाई. तेव्हा एक काम संपताच दुसरे आपोआप सुरू करून देणारा लहानसा प्रोग्रॅम यंत्रातच ठेवावा, अशी कल्पना निघाली. जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी १९५६ साली आयबीएमच्या ७०४ ह्या यंत्रासाठी केलेली रचना सामान्यतः पहिली प्रणाली मानली जाते. ऑपरेटरचे काम करणारी म्हणून ती ऑपरेटिंग सिस्टिम.

भारतात हा इतिहास सुरू होतो मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत २,०४८ ‘शब्द’ मावत. अर्थात हे शब्द भाषेतले नव्हेत, चाळीस द्विमान अंकांचे ते गट होत. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आला. ह्या यंत्रांकडून अपेक्षित होते ते गणित. लिपीचा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही.

मजकुराचा प्रश्न आला तो युनिक्सबरोबर, आणि ही हकीकत आपल्या विषयाच्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेने मल्टिक्स ह्या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका जुन्या, लहान यंत्रावर स्वतःपुरती एक सुटसुटीत प्रणाली रचली. तिच्यासाठी मोठे यंत्र हवे होते, पण नव्या प्रणालीच्या नावाने पैसे मिळेनात. मग संस्थेच्या पेटंट विभागासाठी मजकूर जुळवण्याची सोय करून देतो, असे सांगून १९७० साली त्यांनी यंत्र मिळवले. म्हणजे आजच्या बहुतेक प्रणालींची पूर्वज असलेल्या युनिक्सचे पहिले बाहेरचे वापरणारे टंकलेखकच होते. १९७३ साली ती सी ह्या भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे सुकर झाले आणि ती जगभर पसरली. मात्र तिचा मजकूर होता रोमन लिपीतला. १९६३ साली ठरलेल्या आस्की ह्या संकेतात १२८ जागा होत्या. त्यांत इंग्रजी मुळाक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायचे काही संकेत बसले. उरलेल्या जगाचा विचार तिथे नव्हता.

३

प्रणाली नेमके काय करते? संगणकात एक किंवा काही प्रक्रियक असतात, मर्यादित स्मृती असते, आणि कळफलक, पडदा, चकती, छपाईयंत्र ही साधने असतात. ती वापरू पाहणारे प्रोग्रॅम मात्र एकाच वेळी शेकडो असतात. त्या सर्वांत ह्या वस्तू वाटून देणे आणि एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये हे पाहणे, हे प्रणालीचे मुख्य काम.

तिच्या सर्वांत आतल्या भागाला इंग्रजीत कर्नल म्हणतात आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा आत पोचवणाऱ्या बाहेरच्या थराला शेल. ही रूपके कठीण कवचाच्या फळावरून आलेली असल्याने कोकणातल्या विद्यार्थ्याला ती समजावून द्यावी लागत नाहीत. काजूगर आणि त्याचे टरफल असे म्हटले की पुरते. यंत्राच्या सर्व भागांना थेट हात लावण्याचा अधिकार फक्त गराला असतो. लेखन करण्याचा प्रोग्रॅम स्वतः चकतीवर काही लिहू शकत नाही. तो गराकडे विनंती करतो आणि गर ती पार पाडतो. हे बंधन प्रक्रियकाच्या रचनेतच घातलेले असते, म्हणून एखादा प्रोग्रॅम कोसळला तरी सहसा सगळे यंत्र कोसळत नाही.

वेळेची वाटणीही गरच करतो. लिहिता लिहिता आपण गाणे ऐकतो तेव्हा एकच प्रक्रियक काही सहस्रांश सेकंद एका प्रोग्रॅमसाठी आणि काही दुसऱ्यासाठी राबत असला, तरी आपल्याला दोन्ही कामे अखंड चाललेली भासतात. स्मृतीचेही तसेच. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटते की सगळी स्मृती आपलीच आहे. त्याने सांगितलेल्या पत्त्याचे खऱ्या जागेत रूपांतर परस्पर होते, आणि शेजाऱ्याच्या जागेत तो डोकावू शकत नाही.

राहिली फाइल. आपण तिला नाव देतो. प्रणाली ते नाव, चकतीवरच्या जागा आणि तारीख यांची नोंद ठेवते. फाइलीत काय आहे, कविता की वीजबिल, ह्याच्याशी तिला कर्तव्य नसते. तिच्यापुरते ते आकडे. ह्या आकड्यांचा अर्थ कोणत्या संकेताने लावायचा हे मात्र कुठे तरी सर्वमान्यपणे ठरलेले असावे लागते. माझ्या लघुप्रबंधाचा घात झाला तो नेमका ह्या ठिकाणी.

४

यंत्रापुढे लिपीने नमते घ्यावे काय, हा प्रश्न संगणकाने प्रथम आणलेला नाही. रत्नागिरीच्या वाचकाला तर तो घरचाच आहे. देवनागरीच्या छपाईला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याच्या पुढ्यात घरांचा मोठा पसारा मांडलेला असे. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या निमित्ताने ह्या खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रश्न हाती घेतला होता. पुढे १९२४ ते १९३७ ह्या काळात वि. दा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या लिपिशुद्धीच्या चळवळीतली ‘अ’ची बाराखडी प्रसिद्धच आहे. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र स्वराक्षरे सोडून ‘अ’लाच वेलांटी आणि उकार द्यावेत, म्हणजे खिळे वाचतील आणि टंकयंत्राचीही सोय होईल, असा तो विचार होता. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक चाळताना ही बाराखडी आजही भेटते.

ह्या सुधारणांच्या मागे लिपीवरचे प्रेमच होते, आणि खिळ्याच्या यंत्राच्या संदर्भात त्यांचे तर्कशास्त्रही बिनतोड होते. यंत्र शिकू शकत नाही, म्हणून लिपीने बदलावे, असे त्याचे स्वरूप. संगणकाने ह्यातले पहिले विधान खोटे ठरवले. आता वेलांटी कुठे काढायची आणि रफार कुठे चढवायचा हे यंत्राला नियमाच्या रूपाने शिकवता येऊ लागले. प्रश्न उरला तो एवढाच, की हे शिक्षण यंत्राच्या कोणत्या थरात द्यायचे.

५

पहिले मोठे उत्तर प्रणालीच्या बाहेरचे होते. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर हे काम तिथे आले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की त्या काळच्या डॉस प्रणालीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांत देवनागरी दिसू लागे. डॉस ही एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवणारी साधी प्रणाली होती, आणि यंत्रावर कोणी परस्पर हात ठेवला तरी ती अडवत नसे. कार्ड मधल्या मध्ये आकडे अडवून त्यांची अक्षरे पडद्यावर काढी. आपण मराठी दाखवत आहोत ह्याचा डॉसला पत्ताही नसे.

ह्या कामामागचा विचार मात्र सखोल होता. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णव्यवस्था एकच आहे, हे ओळखून एक सामाईक संकेत रचला गेला. तो म्हणजे इस्की, १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेलेला. त्यात देवनागरी ‘क’ आणि बंगाली ‘क’ यांना एकच क्रमांक होता. साठवायचा तो वर्ण, त्याचे दृश्य रूप काढणे हे दुसऱ्याचे काम, असे त्याचे तत्त्व. भाषाविज्ञानाच्या तासाला आपण वर्ण आणि वर्णचिन्ह यांत जो भेद शिकवतो, तोच इथे मानकाचा पाया झाला. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला देणारा इनस्क्रिप्ट कळफलकही ह्याच विचारातून आला.

परंतु १९९०च्या दशकात विंडोज आणि डीटीपी घरोघरी पोचले ते वेगळ्या वाटेने. फाँट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवले. एका क्रमांकावर अर्धा ‘त’, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर वेलांटी. कोणता तुकडा कुठे ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवले. विंडोजच्या दृष्टीने हा मजकूर म्हणजे चमत्कारिक स्पेलिंगांचे इंग्रजीच होते. छपाईपुरते हे छान चाले. पण शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे, दुसऱ्या गावच्या संपादकाला फाइल पाठवणे ह्यांतले काही धड होईना. समोरच्याकडे तोच फाँट हवा. काही पॅकेजांना तर संगणकाच्या पाठीमागे खोचायची कुलूपवजा डोंगलही लागे. हा व्यवहार मुळात खिळ्यांच्या छापखान्याचाच होता. आकार होते, अक्षर नव्हते.

ह्यात त्या धंद्यातल्या लोकांना दोष देणे अन्यायाचे होईल. प्रणालीच्या आत मराठीला जागा नव्हती. त्यांनी बाहेर ओसरीवर तिची सोय केली, आणि त्या सोयीवर एका पिढीचे वाङ्मयीन प्रकाशन चालले.

६

आतली जागा मिळाली ती युनिकोडमुळे. १९९१ साली ह्या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा मिळाला आणि त्याची मांडणी १९८८च्या इस्कीवरून घेतली गेली. तरीही कप्पा मिळणे आणि प्रणालीने तो ओळखणे ह्यांत जवळजवळ एक दशक गेले. २००० सालच्या फेब्रुवारीत आलेली विंडोज २००० ही देवनागरी आतून जाणणारी पहिली विंडोज प्रणाली. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला होता. मराठी कवितेत अक्षरांच्या दृश्यरूपाचे प्रयोग करणारे, आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे आणि पुढे जुहूच्या एनसीएसटीत भारतीय लिप्यांच्या फाँटांवर काम करणारे हे कवी-सुलेखनकार २००८ साली निवर्तले. जगभरच्या संगणकांवर देवनागरीचे जे रूप पुढे कित्येक वर्षे आपोआप उमटत राहिले, ते एका मराठी कवीच्या हातचे होते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात एका ओळीची तरी धनी व्हायला हवी.

आत म्हणजे कुठे, हे ‘रत्नागिरी’ हा शब्द टंकित करून पाहू. इनस्क्रिप्टवर ‘र’ची कळ दाबली की कळफलकाचा संकेत प्रक्रियकाकडे जातो आणि चालू काम क्षणभर थांबते. ह्या टोकण्याला इंटरप्ट म्हणतात. गरातला चालक, म्हणजे ड्रायव्हर, कोणती कळ ते वाचतो. पुढचा थर कळफलकाचा तक्ता पाहून तिला युनिकोडचा क्रमांक देतो आणि तो क्रमांक लेखनाच्या प्रोग्रॅमकडे जातो. असे नऊ क्रमांक जमतात : र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. हा क्रम उच्चाराचा आहे. पडद्यावर काढण्यापूर्वी ते नऊ क्रमांक आकारयोजना करणाऱ्या थराकडे जातात. विंडोजमध्ये त्याचे नाव युनिस्क्राइब असे होते. तो ‘त’ आणि ‘न’ यांमधला हलन्त पाहून ‘त्न’ जोडतो, आणि ‘ग’नंतर साठवलेली ऱ्हस्व वेलांटी उचलून ‘ग’च्या आधी नेऊन ठेवतो. फाँटाकडून मग प्रत्येकाचे चित्र येते. फाइलीत मात्र ते नऊ क्रमांकच राहतात; यूटीएफ-८ ह्या पद्धतीने प्रत्येकी तीन, म्हणजे सत्तावीस बाइट. फाँट बदला, यंत्र बदला, देश बदला. ते नऊ क्रमांक ‘रत्नागिरी’च राहतात.

वेलांटी आधी काढावी आणि नंतर उच्चारावी, ही देवनागरीची ‘अडचण’ सुधारकांना फार छळत असे. ती आता कोणाला दिसतही नाही. लिपीतली कोणतीही खोड मोडावी लागली नाही. यंत्राने ती शिकून घेतली.

अर्थात हे लगेच सर्वांच्या हाती आले नाही. २००१ सालच्या विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय होती, पण ती झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन योग्य चौकटीत खूण करायची, मूळ सीडी घालायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. ज्याला हे ठाऊक नव्हते त्याला मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. २००७च्या व्हिस्टापासून ही खटपट संपली. दुसरीकडे लिनक्स ही १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेली, सर्वांना खुली असलेली प्रणाली. तिच्यासाठी रेड हॅटने २००४ साली ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली दिले, आणि मेनूंतल्या शब्दांचे मराठीकरणही स्वयंसेवकांनी केले. लिनक्सच्याच गरावर उभ्या असलेल्या अँड्रॉइडच्या २०१४ सालच्या आवृत्तीत मराठी ही वापराची भाषा म्हणून आली. आज बाजारात उभा राहून मराठीत निरोप धाडणारा माणूस ह्या सगळ्या थरांवरून बोट फिरवत असतो.

७

इतके झाल्यावरही मराठीचे काही प्रश्न उरलेच. त्यांतला एक मला माझ्याच प्रबंधाने शिकवला.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे ‘दरी’चे अनेकवचन. रफार आणि पुढच्या अक्षराला बिलगणारा आडवा ‘र’ यांनी मराठीत अर्थभेद होतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द पाहावेत. हिंदीला ह्या भेदाची गरज नाही. युनिकोडमध्ये हा आडवा ‘र’ लिहिण्याची मान्य रीत म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. पण जुनी रीतही चालते : साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. दोन्हींचे पडद्यावरचे रूप एकच, आतले क्रमांक वेगळे. परिणामी एका रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ दुसऱ्या रीतीने शोधू गेलो तर सापडेलच असे नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली. मात्र पुष्कळ फाँट मुळात हिंदी वळणाचे असतात, आणि मजकूर मराठी आहे हे सांगितल्याखेरीज ते मराठी वळण दाखवत नाहीत.

माझा लघुप्रबंध अखेर एका रूपांतरकाच्या मदतीने युनिकोडमध्ये आला. जुन्या फाँटाच्या तुकड्यांचा तक्ता घेऊन तो प्रत्येक आकड्याच्या जागी युनिकोडचा क्रमांक बसवत जातो. दोन मिनिटांत दीडशे पाने पुन्हा मराठी झाली, आणि मला खरोखर भरून आले. मग वाचू लागलो. तक्त्यात आडव्या ‘र’ची नोंद चुकलेली होती. ‘कादंबऱ्या’चे ‘कादंबर्या’ झाले होते, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’. आणि पेंडशांच्या कोकणात सह्याद्रीच्या जेवढ्या म्हणून दऱ्या मी वर्णिल्या होत्या, तिथे सगळीकडे दर्या पसरला होता.

ते दुरुस्त करायला मला आठवडा लागला. यंत्राला शिकवता येईल तेवढे शिकवून झाले, तरी ‘दर्या’ कुठे आणि ‘दऱ्या’ कुठे हे ज्याला वाचून कळते, त्यानेच बसून ते पाहावे लागते. हे काम मराठी विभागांचे आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात अशा सीड्या आहेत, त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत, आणि कोणता मजकूर कोणत्या फाँटात होता हे आठवणारे डीटीपीवालेही आता निवृत्त होत आहेत. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख पुढे केले, आणि ते योग्यच होते. त्यांच्या मानाने विसेक वर्षांपूर्वीचा मजकूर अगदी हाताशी आहे. तो अजून वाचता येतो तोवर एकेका विद्यार्थ्याने एकेक सीडी घेतली, रूपांतर केले आणि शेजारी छापील प्रत ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, तर मुद्रितशोधनाचे शिक्षण होईल आणि आपल्या वाङ्मयाची ती पंधरा-सोळा वर्षेही हाती राहतील.